शेळ्यांना सोडून आठ दिवस

१५ जून, हौगसेट

या वहीत आजवर शेळ्यांशिवाय कुणाबद्दल काही लिहिलेलं नाही. कोण व्यायली, कुणाची कास सुजली, कुणी कुंपण ओलांडलं. पण सोल्रुन म्हणाली, "आई, रोज थोडं लिही, नाहीतर आठ दिवस माझं डोकं खाशील." कार्टीचा आगाऊपणा बापावर गेलाय.

तर लिहिते. मी, गुदवेग हौगसेट, वय चौसष्ट, उद्या लेकीबरोबर सायकलवरून फिरायला निघणार आहे. वाचून मलाच हसू येतंय. अडतीस वर्षांत मी शेळ्यांना एका दिवसाच्या वर सोडलेलं नाही. माझा नवरा लाइदुल्व वारला त्या संध्याकाळीही धार मीच काढली. शेतकऱ्याला रजा घेता यावी म्हणून बदली माणूस मिळण्याची सोय कधीची आहे, पण मी ती वापरली नाही. परका माणूस माझ्या गोठ्यात कशाला?

जातेय ते एकाच कारणासाठी. सोल्रुन एकुलती एक, तेव्हा हौगसेटच्या या शेतीवर पहिला हक्क तिचा. ती बर्गनला गोदीत वेल्डिंग करते. बाप गेल्यापासून चार वर्षं मी वाट बघतेय, ती कधी म्हणतेय की घेते मी. खालच्या आळीतल्या तार्ये आणि मागनहिल्डने, त्या नवराबायकोने, शेळ्या आणि कुरण आम्हाला द्या म्हणून दोनदा विचारलं. मी दोनदा कॉफी पाजून वाटेला लावलं. या खेपेला मात्र त्यांना सांगितलंय, संक्तहान्सच्या सणाच्या शेकोटीपर्यंत, म्हणजे तेवीस तारखेपर्यंत, काय ते कळवते. मग सोल्रुनला फोन केला. ती म्हणाली, "उत्तर देते. पण गोठ्यात उभी राहून नाही. आठ दिवस माझ्याबरोबर सायकलवर चल, शेवटच्या दिवशी देते."

हो म्हणेल. हो म्हणाली पाहिजे. नाहीतर अडतीस वर्षं मी काय केलं?

१६ जून

बदलीवाला अस्गेइर सकाळी सहाला हजर. मी त्याला दोन पानं सूचना लिहून दिल्या. त्याने वाचल्या, घडी घातली, खिशात ठेवल्या. "बाई, मला वीस वर्षं झाली या कामात," म्हणे. मी म्हटलं, "माझ्या शेळ्यांना ते ठाऊक नाही."

सोल्रुनने माझ्यासाठी बॅटरीची सायकल आणली आहे. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. "मी काय पांगळी आहे?" ती शांतपणे म्हणाली, "बरं, माझी घे." तिच्या सायकलवर सामान लादून मी आमच्या फाटकापर्यंत गेले आणि मुकाट्याने परत आले. बॅटरी म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. पॅडलवर पाय ठेवला की मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतं.

दिवसभर फ्योर्डच्या, डोंगरात शिरलेल्या खाडीच्या, काठाकाठाने. लांब बोगदे सायकलींना बंद, म्हणून जुन्या रस्त्याने वळसा. छोट्या बोगद्याच्या तोंडाशी बटण आहे, ते दाबलं की आत सायकलवाले असल्याची पाटी लुकलुकायला लागते. बटण मी दाबलं. आत सोल्रुन एकदम शेळीसारखी ओरडली. केवढा घुमला आवाज! पस्तीस वर्षांची घोडी. मीही ओरडले. माझी शेळी जास्त खरी वाटली, हे तिनेही मान्य केलं.

संध्याकाळी अस्गेइरला फोन. सगळं ठीक म्हणाला. "ती ब्रुनी शेळी त्रास देत असेल?" "नाही." "दूध चोरते ती." "नाही हो बाई, भरपूर देते." हे जरा लागलं मला.

१७ जून

पाऊस, दिवसभर. बूड इतकं दुखतंय की जेवायला उभीच राहिले. अस्गेइरला दोन फोन केले. सगळं ठीक. त्याला दुसरे शब्दच येत नाहीत.

सोल्रुनने उत्तराचं अजून नाव काढलेलं नाही. मीही विचारणार नाही. आमच्यात असं विचारत नाहीत.

१९ जून

काल लिहायचं राहिलं. काल फेरीबोटीवर आम्ही दोघींनी वाफल्स खाल्ले. बाईने विचारलं, वर जॅम की तपकिरी चीज? मी चीज मागितलं, चाखलं, आणि सोल्रुनला सांगितलं की आपल्या चीजच्या पासंगालाही पुरणार नाही. "हो आई," म्हणाली. मग मी आणखी दोन घेतले. ती जी हसत सुटली, ते बोट लागेपर्यंत. मी रागवायला म्हणून तोंड उघडलं आणि मलाही हसू फुटलं. समोरच्या बाकावरचे लोक खिडकीबाहेर बघायला लागले.

गंमत म्हणजे रोज पहाटे उठताना कंबर धरून दोन टप्प्यांत उठावं लागतं, ते या तीन दिवसांत झालेलं नाही. गादी चांगली असणार. आणि आज सकाळी आठला जाग आली! मी घाबरून अंथरुणातच बसले, आता धार कोण काढणार म्हणून. हवापालटाने माणूस सुस्तावतो, दुसरं काय.

आज घाटाच्या पायथ्याशी एका घरात मुक्काम. उद्या मोठा चढ. सोल्रुन अंघोळीला जाताना म्हणाली, "बॅटरी चार्जिंगला लाव बरं." भिंतीतला प्लग नेमका घरमालकाच्या म्हाताऱ्या वडिलांच्या आरामखुर्चीमागे. ते टीव्हीवर मासेमारीचा कार्यक्रम बघत होते. मी दोनदा दारापर्यंत गेले. ओळख ना पाळख, परक्या माणसाला त्याच्याच घरात ऊठ कसं म्हणायचं? अर्ध्याहून जास्त भरलेली आहे, पुरेल. सोल्रुनला सांगितलं, लावली.

आत्ता लक्षात आलं, आज अस्गेइरला फोन केलेलाच नाही.

२० जून, वार्डेबूची खोपी

आज बरंच लिहायचंय.

घाट सुरू झाला तशी मी बॅटरी सगळ्यात जोरावर टाकली आणि लेकीला मागे टाकून वर सुटले. वळणावर थांबून तिला हाक मारायची, "काय गं, दमलीस?" ती घामाघूम, लाल होऊन यायची आणि काहीतरी पुटपुटायची. फार मजा आली. झाडं संपली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आल्या, पुरुषभर उंच. आणि तिथे सायकल मेली.

"सोल्रुन, थांब गं."

"आता काय?"

"ही ढकलत नाहीये."

तिने खाली वाकून पाहिलं. "आई, रात्री लावली होतीस ना?"

मी बर्फाकडे बघितलं.

"आई!"

"ते आजोबा बसले होते तिथे."

"मग?"

"त्यांच्या पाठीमागे प्लग होता."

"मग जरा सरकता का म्हणायचं! दोन शब्द!"

"मासे बघत होते ते."

ती रस्त्यातच खाली बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती. "धन्य आहेस तू," म्हणाली. "तू बुडत असलीस तरी काठावरच्या माणसाला हाक मारणार नाहीस, तो जेवत असेल म्हणून."

"तू मारशील?" मी विचारलं. तिचं हसू थांबलं.

ती जड सायकल आम्ही दोघींनी मिळून तासभर ढकलली. वारा असा की कानशिलं बधिर. रस्त्यापासून थोडी आत एक लाकडी खोपी दिसली, दारावर गिर्यारोहण संघटनेचं लाल अक्षर. अशा सगळ्या खोप्यांना एकच किल्ली लागते आणि ती सोल्रुनच्या गळ्यातच असते. मी म्हटलं, बास, आज इथेच.

"इथे नको," ती म्हणाली. "हॉटेल नऊ किलोमीटरवर आहे."

"नऊ किलोमीटर ही म्हैस ढकलू?"

"इथे उंदीर असतात."

"उंदीर! अगं, माझं आयुष्य गोठ्यात गेलंय."

तिने नाइलाजाने दार उघडलं. मला ढकलून आधी आत शिरली, शेगडी पेटवली, मग बादली घेऊन ओढ्यावर पाणी आणायला गेली. उंदराची लेंडीसुद्धा नव्हती कुठे.

मी म्हटलं, तोवर वहीत नाव लिहू. दर खोपीत अशी वही असते. कोण, कुठून आलं, पुढे कुठे जाणार, म्हणजे कुणी हरवलंच तर शोधायला बरं. पण लोक त्यात काय वाट्टेल ते लिहितात. शेजारी बसावं लागू नये म्हणून बसमध्ये उभी राहणारी माणसं तिथे पानभर मन मोकळं करतात. वही टेबलावर नव्हती. शोधली तर बाकावर, सोल्रुनच्या जाकिटाखाली सापडली. वेंधळी आहे पोरगी, कुठेही काहीही टाकते.

ओळखीचं कुणी येऊन गेलंय का म्हणून मागची पानं चाळली. सप्टेंबरच्या पानावर डावीकडे कलणारं अक्षर दिसलं. ते अक्षर मी कुठेही ओळखीन, पहिलीत ते सरळ करायला मीच पट्ट्या मारल्यात.

"सोल्रुन हौगसेट. घरून बर्गनला, सायकलने, एकटी. पाऊस. हौगसेट घ्यायचं ठरवलं आहे. मला नको आहे, पण आईला दुसरं काही नाही. मी नाही म्हटलं तर ती वर्षभरात संपेल. तिला पुढच्या उन्हाळ्यात सांगीन, त्याआधी एकदा तिच्याबरोबर कुठेतरी जायचं आहे, मग आम्हा दोघींना जमणार नाही. लाकडं भरपूर होती, आभार."

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

चार वर्षं मी हेच वाक्य ऐकायला बसले होते. हौगसेट घ्यायचं ठरवलं आहे. मी उड्या मारायला हव्या होत्या. आणि मी दचकले, करडू आडवं आल्यावर दचकते तशी.

मला हौगसेटच्या गोठ्यातली सोल्रुन दिसली. पहाटे पाचला. कंबर धरून उठणारी. नंतर कळलं की ती सोल्रुन नाही, मी आहे. सव्वीस वर्षांची, लग्नाला तीन दिवस झालेली, आणि सासूबाई बादली हातात देतायत. मला जहाजावर स्वयंपाकीण व्हायचं होतं. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला जाणाऱ्या जहाजावर. जागाही मिळाली होती. हे मी लाइदुल्वला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. आज या वहीला सांगतेय.

बादलीचा आवाज आला तशी मी वही होती तशी जाकिटाखाली सरकवली.

जेवताना ती म्हणाली, "मीठ दे." मी दिलं. मी म्हणाले, "गार आहे." ती म्हणाली, "हो." एवढंच बोलणं झालं.

२१ जून, सकाळी

ती झोपली आहे. मला पाचलाच जाग आली, आज गादीला दोष नाही.

आधी फार राग आला. आईला दुसरं काही नाही म्हणे! मी काय दाव्याची शेळी आहे? मला पुष्कळ काही आहे. मग काय काय आहे ते मोजायला बसले तर काहीच आठवेना. मग रडू आलं. मग वाटलं, गप्प बसावं. ती हो म्हणेल, मी हो ऐकीन, घर राहील, लोक नावाजतील. तिला सवय होईल. मला झालीच की. आणि हे मनात आलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. सासूबाईंनीही असंच म्हटलं असेल.

पण तोंडाने सांगायला मला जमायचं नाही. एका म्हाताऱ्याला खुर्चीतून उठवता आलं नाही, तर हे काय बोलणार. म्हणून खोपीच्या वहीत आजच्या तारखेखाली लिहिलं. इथे उतरवून ठेवते, नाहीतर नंतर मीच म्हणेन की लिहिलंच नव्हतं.

"गुदवेग हौगसेट, मुलीबरोबर. सायकलने, शेवटचा भाग ढकलत. ऊन. सप्टेंबरात इथे येऊन गेलेल्या मुलीला: घेऊ नकोस. मी संपणार नाही. पाच दिवस झाले, माझी कंबर दुखलेली नाही आणि मला शेळ्यांची आठवण आली नाही. मलाही ते नको होतं. सव्वीस वर्षांची होते तेव्हाही नको होतं. तुझ्याकडून हो हवं होतं ते एवढ्यासाठीच, की मी केलं ते फुकट गेलं नाही असं वाटावं. ते काही तुझं काम नाही. लाकडं फोडून ठेवते."

आता लाकडं फोडायला जाते.

तोच दिवस, दुपार

ती उठली तेव्हा मी दारातून ओरडले, "वहीत आपली नावं लिही गं, माझा चष्मा सापडत नाहीये." चष्मा माझ्या नाकावर होता, पण पाठ तिच्याकडे होती.

मी लाकडं फोडत राहिले. आतून आवाज नाही. एवढा वेळ आवाज नाही की मी दुप्पट लाकडं फोडली. वाटलं, चुकलं. तिला मनातून हवं असेल आणि मी तेही हिसकावून घेतलं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

मग ती बाहेर आली, मोज्यांवरच, ओल्या दगडांवर.

"आई, हे खरं आहे?"

"वहीत कुणी खोटं लिहितं का?"

"माझ्याशी नीट बोल!"

असं ती माझ्याशी कधी ओरडून बोलली नव्हती. मी कुऱ्हाड खाली ठेवली. "खरं आहे."

"मग चार वर्षं तू..."

"आणि तू? इथे येऊन लिहून ठेवलंस, कुणीही यावं आणि वाचावं. शंभर लोकांनी वाचलं असेल. घरी चहा पिताना नाही सांगता आलं?"

"तुला सांगता आलं?"

मग ती ओल्या मोज्यांनी माझ्या अंगावर येऊन आदळली आणि मी लाकडांच्या ढिगावर बसले. ती सारखी म्हणत होती, "हुश्श. हुश्श गं आई." मीही तेच म्हणत होते. माझा जीव भांड्यात पडला. पोरगी मला उठवायला गेली आणि तीही बसली.

"आणि जहाज?" तिने विचारलं. कारण ते मी तिला तिथेच सांगून टाकलं.

"आता कोण घेतंय मला!"

"प्रवासी म्हणून तरी घेतील."

मग हॉटेलपर्यंत नऊ किलोमीटर सायकल ढकलली. तिथे काउंटरमागे एक कपाळावर आठ्या असलेला माणूस फोनवर बोलत होता. सोल्रुन मागे उभी राहून बघत होती. मी सरळ म्हणाले, "अहो, जरा सरकता का? मला तुमचा प्लग हवाय." तो सरकला! काहीही झालं नाही!

२३ जून, फ्योर्डकाठी

काल घाट उतरलो. तासभर नुसता उतार. बोटं गारठली, डोळ्यांतून पाणी, आणि मी वेड्यासारखी ओरडत होते.

आज सकाळी तार्येला फोन केला. शेळ्या, गोठा, कुरण तुम्ही बघा, घर माझं राहील, असं सांगितलं. मग मागनहिल्डचा आवाज आला, "काय म्हणतायत त्या?" आणि मग दोघं एकदम बोलायला लागले. फोन ठेवल्यावर मी रडले. ब्रुनीसाठी रडले, खोटं कशाला बोलू. ती दुसऱ्या कुणाच्या हाताखाली जाणार. पण अस्गेइरला तर ती भरपूर देत होती.

आता काठावर शेकोटी पेटली आहे. पलीकडच्या काठावरही तीन दिसतायत. सोल्रुन शेजारी बसून सॉसेज भाजतेय. ते एका बाजूने करपलं तरी तिचं लक्ष नाही. मला वाटलं, हिला हौगसेटची चुटपुट लागली की काय.

"आई."

"हं."

"मी नाताळला घरी येऊ?"

मला समजेना. "विचारतेस काय? चार वर्षं नाताळला ड्युटी आहे, ड्युटी आहे म्हणून तूच येत नाहीस."

"ड्युटी नव्हती," ती शेकोटीकडे बघत म्हणाली. "सणाला निवांत बसलो की तू विचारशील, असं वाटायचं."

चार नाताळ मी एकटीने ताट मांडलं आणि पोरीला आपली ओढ नाही असं मनाला समजावलं. ती बर्गनला आपल्या खोलीत एकटी बसलेली होती. तिचा हात धरला, तो सॉसेजच्या चरबीने ओशट होता.

"ये," मी म्हटलं. "पण सकाळी नऊच्या आधी मला उठवलंस तर याद राख."